‘पोट साफ होतं काय?’ हा प्रश्न आपल्या भाषेत कोण विचारणार?

भाषेच्या प्रश्नावर आपण सीमाभागातली माणसे कित्येक वर्षे बोलत आहोत. शाळेचे माध्यम, दुकानावरची पाटी, जमिनीचा उतारा, पंचायतीची नोटीस, बसवरचे गावाचे नाव, यांवर रकानेच्या रकाने भरले आणि ते भरायलाच हवे होते. पण माणूस आजारी पडून दवाखान्याच्या बाकावर बसतो, तेव्हा त्याच्याशी कोण कोणत्या भाषेत बोलतो, गोळीच्या पाकिटावर काय लिहिलेले असते आणि त्यातले त्याला किती कळते, याकडे आमचे लक्ष फारसे गेले नव्हते. ते गेले एका घरातल्या प्रसंगामुळे. विषय शौचाचा आहे. सकाळच्या चहाबरोबर वाचायला तो बरा वाटणार नाही, पण वाचा. ज्या घरात मनाच्या आजाराची गोळी चालू आहे, त्या घराने तर वाचायलाच हवे.

खानापूर तालुक्यातले जंगलाकडचे एक गाव. घर आमच्या नात्यातलेच, म्हणून नाव देत नाही. त्या घरातला थोरला मुलगा तिशी ओलांडलेला. बारावीनंतर त्याच्या कानात आवाज येऊ लागले, शेजारी आपल्या पाण्यात विष घालतात असे वाटू लागले. देवऋषी झाला, अंगारा झाला, मग डॉक्टर. निदान झाले स्किझोफ्रेनियाचे. दोन औषधे पुरेसे दिवस देऊन झाली, उतार पडेना. शेवटी क्लोझापिन सुरू केले आणि सहा-सात महिन्यांत मुलगा माणसात आला. अंघोळ आपली आपण करू लागला, भाताच्या लावणीला उभा राहिला, काजूच्या बागेत जाऊ लागला, गणपतीच्या आरतीला टाळ घेऊन पुढे. “भाऊ, माझं पोरगं मला परत मिळालं,” असे त्याच्या आईने आम्हाला फोनवर सांगितले होते. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढचे वाचून कोणी गोळी उकिरड्यावर फेकू नये.

पुढच्या वर्षी श्रावणात त्याचे पोट फुगले. चार दिवस परसाकडला झाले नव्हते, पण तिशीतला पुरुष आईला हे सांगणार कसा? पाचव्या दिवशी तो भरल्या ताटावरून उठला, तेव्हा तिच्या ध्यानात आले. तिने इसबगोल दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिले. जवळच्या डॉक्टरने पित्ताची गोळी दिली. आठव्या दिवशी थोडे पातळ झाले, तशी घरची मंडळी निश्चिंत झाली. उलट आता जुलाब लागले असे समजून जुलाब थांबायची गोळी आणली. त्या रात्री घाण वासाची उलटी, पोट ढोलासारखे ताठ. पहाटे जीप करून शहरात नेले. सर्जनने फोटो पाहिला आणि दोन तासांत मुलाला टेबलावर घेतले. मोठ्या आतड्याचा काळा पडलेला भाग कापून टाकावा लागला. मुलगा वाचला. पुढचे पाच महिने पोटावर पिशवी बांधून होता, ती नंतर दुसऱ्या ऑपरेशनने निघाली. काजूच्या बागेतल्या कमाईचे काय झाले असेल ते सांगायला नको.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा आई फाइल मांडीवर घेऊन बसली होती. फाइल कशी, एखाद्या वकिलाने ठेवावी तशी. रक्ताचे रिपोर्ट तारीखवार लावलेले. पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला एक, पुढे महिन्याला एक. एकही चुकला नव्हता. “रक्त तपासायचं चुकवू नका, जिवाला धोका आहे,” असे तिला बजावले होते आणि दोन बस बदलून जाऊन तिने ते पाळले होते. पोटाचे मात्र कोणी बजावले नव्हते. निदान तिला तरी तसे आठवत नव्हते.

आम्ही फाइल चाळली. दर महिन्याच्या कागदावर इंग्रजीत एक ओळ होती: ‘बॉवेल – नो कम्प्लेंट’. म्हणजे डॉक्टरांनी विचारले होते. दर महिन्याला विचारले होते! मग आईला विचारले, “काकू, डॉक्टर तुम्हाला काय विचारायचे?” ती आठवून म्हणाली, “ते कन्नडमध्ये विचारायचे, मोशन तकरार ऐतेनु? मी म्हणायची, इल्ल, इल्ल.”

आता ‘मोशन’ या शब्दाचा आपल्या खेड्यांतला अर्थ वाचकांना ठाऊक आहे. ‘पोराला मोशन लागलेत’ म्हणजे जुलाब लागलेत. डॉक्टर विचारत होते शौचाची काही तक्रार आहे का, आणि आई सांगत होती, नाही हो, जुलाब वगैरे काही नाहीत. दोघेही खरे बोलत होते. दोघांनाही दुसऱ्याचे म्हणणे कळले असे वाटत होते. “सरळ परसाकडला होतं काय असं विचारलं असतं, तर सांगितलं नसतं काय ओ?” असे ती म्हणाली, आणि पुढे थोडे थांबून, “चारचौघांत नसतं सांगितलं कदाचित.”

आमचा राग त्या डॉक्टरवर नाही. बाहेर रांग लागलेली असते, एका माणसाला मिळतात पाच मिनिटे, त्यात झोप, भूक, आवाज, रक्त, वजन सगळे विचारायचे. तो आपल्या परीने सोपा शब्द वापरत होता. इंग्रजी शब्द दोन्ही भाषांच्या मधला, सगळ्यांना कळणारा, अशी आपली समजूत असते. ती किती फसवी आहे पाहा. गंमत अशी की मधला शब्द हवाच होता तर तो हाताशी होता. ‘संडास’ हा शब्द धारवाडकडच्या कन्नडमध्येही रोजचा आहे, ‘जुलाब’ही दोन्हीकडे चालतो. बेळगावच्या बाजारात कन्नड आणि मराठी माणूस भाजीचा भाव करताना एकमेकांचे शब्द सहज उचलतात. दवाखान्यात पाऊल टाकले की दोघेही इंग्रजीच्या आडोशाला जातात. लाजेच्या गोष्टीला परकी भाषा बरी वाटते, हे खरे कारण.

मराठीतही या एका क्रियेला किती आडवळणाचे शब्द आहेत! परसाकडला, बाहेर, शौचास, दोन नंबर, कोठा साफ, खडा होणे, आणि वैद्यांच्या पुस्तकातले मलावरोध, बद्धकोष्ठ. जो तो आपल्या वयाप्रमाणे आणि समोर कोण बसले आहे ते पाहून शब्द निवडतो. सुनेसमोर सासरा एक बोलेल, डॉक्टरसमोर दुसरे. तिथे कन्नड बोलणारा किंवा बांबोळीत कोकणी आणि इंग्रजी बोलणारा डॉक्टर कोणता शब्द उचलणार? चोर्ला घाट उतरून गोव्याला उपचाराला जाणारी आपली माणसे हाच अनुभव सांगतात. आणि मिरजेला, कोल्हापूरला मराठी डॉक्टर मिळाला तरी तो ‘मोशन’च म्हणतो, हेही कबूल केले पाहिजे.

रक्ताचा पहारा, पोट मोकळे

क्लोझापिन हे औषध काय आहे, ते थोडे सांगायला हवे. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातल्या वांडर कंपनीने ते १९५०च्या दशकाच्या अखेरीस तयार केले आणि सत्तरच्या दशकात युरोपात ते वापरात आले. १९७५ साली फिनलंडमध्ये हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घटल्या, जंतुसंसर्ग होऊन आठ जण दगावले, आणि अनेक देशांनी हे औषध बाजूला ठेवले. ते परत आले १९८८ साली. इतर औषधांनी बऱ्या न झालेल्या रुग्णांवर अमेरिकेत चाचणी झाली. जुन्या औषधाने शंभरात चौघांना उतार पडला होता, क्लोझापिनने तिसांना. पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, रक्ततपासणीच्या अटीवर. आत्महत्येचा धोका कमी करणारे औषध म्हणूनही त्याचे नाव आहे. दोन औषधे हरली की याचा विचार करावा, असे आज जगभरचे मानसोपचारतज्ज्ञ मानतात.

म्हणजे पहारा बसला तो रक्तावर. सगळे डॉक्टर रक्ताला भ्यायला शिकले, आईही शिकली. पण आतड्याचे काम दुर्लक्षित राहिले, आणि जिवाला धोका तिथेही तितकाच आहे; काही अभ्यासकांच्या मते अधिक.

आतडे हे नुसते नळकांडे नव्हे. त्याच्या भिंतीत स्नायू आहेत, ते एकामागून एक आवळत जातात आणि अन्न पुढे सरकते. उसाच्या चरकात ऊस पुढे ओढला जातो, काहीसे तसे. या स्नायूंना आवळण्याचा निरोप देणारे एक द्रव्य शरीरात असते, त्याचे नाव ॲसिटिलकोलीन. क्लोझापिन हा निरोप अडवते. सिरोटोनिन नावाच्या दुसऱ्या एका द्रव्याच्या निरोपातही ते आड येते. मग आतडे सुस्तावते. मळ जागच्या जागी पडून राहतो, त्यातले पाणी शोषले जाते, तो दगड होतो. मागून आलेला मळ आणि वायू साठतो, आतडे फुगते, फुगलेल्या भिंतीला रक्त मिळत नाही, ती काळी पडते, फुटते. इथवर पोहोचलेला रुग्ण पुष्कळदा हाती लागत नाही.

न्यूझीलंडमधल्या अभ्यासकांनी २०१६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णांना क्ष-किरणात दिसणाऱ्या बारीक खुणा गिळायला दिल्या आणि त्या मोठ्या आतड्यातून जायला किती वेळ लागतो ते फोटो काढून मोजले. मनाच्या आजाराची दुसरी औषधे घेणाऱ्यांत साधारण २३ तास लागले. क्लोझापिन घेणाऱ्यांत १०४ तास, म्हणजे चार दिवसांहून अधिक. दहातल्या आठ जणांचे आतडे सुस्त निघाले. आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे हे, की रुग्णाला ‘बद्धकोष्ठ आहे का’ असे विचारून ही सुस्ती ओळखता येत नाही, हे तिथल्याच अभ्यासांतून पुढे आले. ‘काही त्रास नाही’ म्हणणाऱ्यांचीही आतडी अडलेली होती. तिथे विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही इंग्रजीच बोलणारे, तरी ही तऱ्हा. मग आमच्याकडे ‘मोशन’वर काय भिस्त ठेवायची!

याचे कारणही समजण्यासारखे आहे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला पोटातली कळ पुष्कळदा इतरांइतकी जाणवत नाही, किंवा जाणवली तरी ती नीट सांगता येत नाही. आतड्याला पीळ पडलेला असताना माणूस ओट्यावर शांत बसलेला असू शकतो. कधी तो सांगतोही, पण ‘माझ्या पोटात कोणीतरी दगड ठेवलेत’ असे सांगतो, आणि घरचे समजतात, जुना आजार उलटला. आमच्या या मुलाने पाचव्या दिवशी नेमके असेच काहीतरी म्हटले होते. आईला तेव्हा त्या बोलण्याची भीती वाटली, पोटाची नाही.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या दोन देशांतल्या १९९२ ते २०१३ या बावीस वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा क्लोझापिनमुळे आतडे गंभीर अडलेले १६० रुग्ण सापडले. त्यांतले २९ दगावले होते. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०१७च्या ऑक्टोबरात याबद्दल डॉक्टरांना पुन्हा आठवण दिली आणि अमेरिकेच्या नियंत्रकांनी जानेवारी २०२० मध्ये औषधावरचा इशारा अधिक कडक केला. म्हणजे ही आमची किंवा गावच्या दवाखान्याची वेगळी करणी नव्हे. मोठमोठ्या देशांतही पोटाकडे लक्ष उशिरा गेले.

इसबगोल, एरंडेल आणि सोनामुखी

घरगुती उपायांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण मोठी चूक तिथे होते. पोट साफ होत नाही म्हटले की आपल्या घरांत पहिला हात इसबगोलाच्या डब्याकडे जातो. निरोगी माणसाला ते चांगलेच. पण इसबगोल पाणी शोषून फुगते आणि मळाचा आकार वाढवते. पुढे ढकलायचे काम आतड्यानेच करायचे असते. जे आतडे ढकलतच नाही, त्यात आणखी भर घालून काय होणार? रस्ता तुंबला असताना मागून चार ट्रक सोडावेत, तसे. म्हणून क्लोझापिन घेणाऱ्यांना इसबगोलासारखी फुगणारी औषधे देऊ नयेत असे जाणकार सांगतात. पाचव्या-सहाव्या दिवशी पोट फुगलेले असताना एरंडेलाचा घोट पाजणेही तितकेच धोक्याचे. अडलेल्या आतड्यावर जोर आणायचा नसतो.

न्यूझीलंडच्या त्याच अभ्यासकांनी पुढे उपायही आखून पाहिला. एक मळ मऊ करणारे औषध, एक आतड्याला चालना देणारे, आणि गरज पडल्यास मॅक्रोगोल नावाची पाण्यात घालून घ्यायची पूड, अशी त्यांची पद्धत. तिने आतड्यातला प्रवास ११० तासांवरून ६२ तासांवर आला. यातले चालना देणारे औषध म्हणजे सेना, आपल्या आजीबाईच्या बटव्यातली सोनामुखी! वाचून आम्हाला जरा बरे वाटले. पण बटवा उघडायची घाई करू नका. हे औषध कोणाला, किती, कधी द्यायचे ते डॉक्टरने ठरवायचे आणि पोट अडायच्या आधीपासून द्यायचे. अडल्यावर नव्हे. क्लोझापिन सुरू करतानाच ‘याच्याबरोबर पोटाचे औषध काय देणार?’ असे विचारायला हरकत नाही, विचारावेच.

चिठ्ठीत दुसरी एक गोळी असते का तेही पाहावे. ट्रायहेक्सिफेनिडिल, पॅसिटेन या नावाने अनेकांना ठाऊक. हात थरथरणे, मान अवघडणे यांसाठी मनाच्या औषधांबरोबर ती सर्रास दिली जाते. ती गोळीही आतड्याचा तोच निरोप अडवते. दोन्ही मिळाली की सुस्ती दुप्पट. जुन्या औषधाच्या वेळी लिहिलेली ही गोळी औषध बदलल्यावरही चिठ्ठीवर तशीच राहून जाते, कारण महिन्यामागून महिना चिठ्ठीची नक्कल होत असते. ‘ही अजून लागते का?’ एवढे विचारा. आपल्या मनाने मात्र बंद करू नका. ओलांझापिन, क्लोरप्रोमाझिन या औषधांनीही पोट धरते, क्लोझापिनइतके बहुधा नाही. लोहाच्या गोळ्या, खोकल्याची कोडीनची औषधे, काही वेदनाशामके यांची त्यात भर पडते.

निपाणीच्या वाचकांसाठी आणखी एक. बिडी-सिगारेटच्या धुराने यकृताचे काम असे बदलते की क्लोझापिन शरीरातून लवकर निघून जाते. डॉक्टरने मात्रा ठरवलेली असते ती बिडी ओढणाऱ्या माणसाची. इस्पितळात भरती झाला, किंवा देवाची शपथ घेऊन त्याने बिडी एकदम सोडली, की तीच मात्रा रक्तात जास्त साठू लागते आणि पोटासकट सगळे दुष्परिणाम वाढतात. बिडी सोडणे उत्तमच. फक्त सोडायच्या आधी डॉक्टरला सांगा. हा गुण धुराचा आहे, तंबाखू चघळणाऱ्याला हे लागू नाही. ताप येऊन जंतुसंसर्ग झाला तरी औषध रक्तात वाढते.

आणि आता जे ठळक लक्षात ठेवायचे ते. तीन दिवस शौचाला झाले नाही, किंवा खडा होतो, वायू सरत नाही, तर डॉक्टरला त्याच दिवशी कळवायचे. पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. पोट फुगून ताठ झाले, दुखते आहे, उलटी होते आहे, शौचावाटे रक्त पडते आहे, तर रात्र असो की पाऊस, मोठ्या इस्पितळात जायचे. चार-पाच दिवस अडल्यावर थोडे पातळ झाले तर ते सुटले असे समजू नये. अडलेल्या दगडाच्या बाजूने पाणी झिरपते, ते जुलाबासारखे दिसते. तिथे जुलाब थांबायची गोळी दिली की काय होते ते आपण वर पाहिले. इस्पितळात जाताना सगळी पाकिटे पिशवीत घालून न्या, कारण पोटाच्या सर्जनला मनाचे औषध चालू आहे हे कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. आपल्याकडे हे औषध लपवायची रीत आहे, म्हणून सांगतो. गोळी घरच्या घरी बंद करायची नाही आणि मध्ये खंड पडलाच, तर दोन दिवसांच्या खंडानंतर जुनी मात्रा एकदम सुरूही करायची नाही; ती पुन्हा थोड्यापासून चढवावी लागते.

कायदा कोणती भाषा म्हणतो

गोळीच्या पाकिटावर सगळे इंग्रजी. आत घडी करून घातलेला कागद मुंगीच्या अक्षरांचा, तोही इंग्रजी, आणि फुटकळ गोळ्या घेणाऱ्याच्या हाती तो पडतही नाही. चिठ्ठीवर रात्री झोपताना घ्यायची खूण लॅटिनमधली. या कागदांत कन्नडही नाही आणि मराठीही नाही, हे आपल्याकडे कोणी बोलत नाही. या एका बाबतीत हुक्केरीचा कन्नड शेतकरी आणि कंग्राळीचा मराठी शेतकरी एकाच बाकावर आहेत.

संसदेने २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा केला. त्याचे बाविसावे कलम आम्ही मुद्दाम वाचले. मनाचा आजार असलेली व्यक्ती आणि तिने नेमलेला प्रतिनिधी यांना आजाराचे स्वरूप, ठरवलेला उपचार आणि त्या उपचाराचे माहीत असलेले दुष्परिणाम समजून घेण्याचा हक्क आहे, आणि ही माहिती घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत व अशा स्वरूपात मिळण्याचाही हक्क आहे. कायद्यात राज्यभाषा म्हटलेले नाही, बहुसंख्यांची भाषा म्हटलेले नाही. घेणाऱ्याला समजेल ती भाषा. हा कायदा केंद्राचा आहे, म्हणजे बेळगावात, बांबोळीत आणि रत्नागिरीत तो एकच. प्रतिनिधी नेमायला मोठा खटाटोप नाही. साध्या कागदावर लिहून रुग्णाने सही किंवा अंगठा केला की पुरते. आमच्या माहितीत असा कागद केलेले एकही घर नाही. आम्ही पाट्यांच्या भाषेसाठी मोर्चे पाहिले, त्यांच्या बातम्या छापल्या. या कलमासाठी कोणी अर्ज केल्याची बातमी आमच्या हातून कधी गेली नाही. दोष द्यायचा तर आमच्यापासून सुरुवात करावी.

अर्थात मोर्चाची वाट पाहत बसायची गरज नाही. डॉक्टरला मराठी येत नसेल तर तिथल्या नर्सला, आयाला, रांगेतल्या शेजाऱ्याला बोलावून घेता येते. तेही नको, लाज वाटते, तर टेली-मानस म्हणून सरकारची फुकट फोनसेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६. तिथे मराठीत बोलता येते आणि कन्नडमध्येही. आणि डॉक्टर मंडळींनाही एक विनंती. ‘मोशन’, ‘तक्रार’, ‘प्रॉब्लेम’ हे शब्द सोडा. ‘शेवटचं परसाकडला कधी झालं, कोणत्या वारी?’ असे विचारा. वार विचारला की ‘नाही, नाही’ असे उत्तर देता येत नाही.

त्या घरी आम्ही परवा जाऊन आलो. मुलगा अंगणात सुपाऱ्या सोलत बसला होता. क्लोझापिन पुन्हा चालू आहे. डॉक्टरांनी सर्जनशी बोलून, थोड्या मात्रेपासून, पोटाच्या औषधासह ते परत सुरू केले, कारण मधल्या काळात आवाज परत आले होते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेले. त्यात रोजच्या तारखेखाली, एकादशी-चतुर्थीच्या बाजूला, पेन्सिलीची बारीक फुली. फुली म्हणजे झाले. मुलगाच करतो, आईला सांगावे लागत नाही, लाजही राखली जाते. दोन दिवस फुली नसली की आई काही न बोलता मॅक्रोगोलची पुडी पाण्यात कालवून त्याच्या पुढ्यात ठेवते, तसे डॉक्टरने सांगून ठेवले आहे. तीन दिवस नसली तर फोन.

कन्नड शाळेत जाणाऱ्या पुतणीने एका पुठ्ठ्यावर दोन ओळी लिहून दिल्या आहेत. वर मराठीत, ‘तीन दिवस संडासला झालेले नाही’. खाली कन्नड लिपीत तेच, ‘मूरु दिनदिंद संडास आगिल्ल’. पुठ्ठा फाइलच्या पहिल्या पानाला टाचलेला आहे. गेल्या महिन्यात कॅलेंडरचे पान फाडून आईने डॉक्टरपुढे ठेवले. त्यांनी फुल्या मोजल्या, एकवीस, आणि पान फाइलला लावून घेतले.